पूजेच्या गाडीचं कच्चं अर्थिंग

धुळ्यात हायवेला लागून गॅरेजांची रांग आहे. तिथं कुणालाही विचारा, चुडामण वायरमन कुठं बसतो, तो हात लांब करून दाखवील आणि वर न विचारता सांगेल, "काम करून घ्यावं तर त्याच्याकडूनच, पण बोलणं ऐकून घ्यायची तयारी ठेवा." यात खोटं काही नाही. माणूस भयंकर फटकळ. दारात ट्रक उभा राहिला की आधी शिव्या, मग काम. शिव्या मालकाला नाहीत, ड्रायव्हरलाही नाहीत. त्या गाडीला आधी हात लावून गेलेल्या वायरमनला. "कोण्या गाढवानं हे जोडलंय?" हा त्याचा रोजचा रामराम.

आणि याच माणसाच्या एका कच्च्या जोडापायी झुलाल ड्रायव्हर घरी बसला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं ऐकताना उगाच आशा लावून बसू नका.

चुडामणचं काम म्हणजे ट्रकच्या वायरी. त्यातही बाहेरून मीटर बसवणं ही त्याची खासियत. जुन्या गाड्यांची कंपनीची मीटरं दहा-बारा वर्षांत मरतात. मग मालक बाजारातून नवी गोल मीटरं आणतात, इंजिनाचं पाणी किती तापलं ते दाखवणारं, ऑइलच्या दाबाचं, बॅटरीचं, आणि ती डॅशबोर्डखाली पट्टी ठोकून बसवून घेतात. दिसायला पोरखेळ. एक वायर करंटची, एक अर्थिंगची, म्हणजे करंट गाडीच्या लोखंडातून परत नेणारी, एक इंजिनाकडून येणारी. करंटची वायर सगळे जपून जोडतात, कारण तिथं चुकलं तर फ्यूज उडतो, धूर निघतो, लगेच कळतं. अर्थिंगला कुणी विचारत नाही. हाताला लागेल त्या स्क्रूखाली वायर दाबली की झालं. अर्थिंग कच्चं राहिलं तर काही जळत नाही, काही वाजत नाही. काटा आपला हलत राहतो आणि खुशाल खोटं सांगतो. चुडामणचं निम्मं आयुष्य या एका गोष्टीवर चिडण्यात गेलं होतं.

त्याची स्वतःची पद्धत ठरलेली. चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, जागा निवडायची, पॉलिश पेपरनं रंग खरवडायचा, खालचं लोखंड पांढरं लख्ख दिसेपर्यंत खरवडायचा, मग दातेरी वायसर घालून वायर आवळायची आणि वरून ग्रीस फासायचं. मालक कुरकुरले, की अहो भाऊ, रंग कशाला घालवता, तर हा म्हणायचा, "रंगातून करंट जातो का? जात असेल तर घेऊन जा गाडी, रंगाऱ्याकडून मीटर बसवा."

अमळनेरजवळच्या एका खेड्यातला तो. बाप तेलाच्या कारखान्यात हमाल होता. कारखान्याचं काम बसलं तसं घर बसलं, आणि सोळाव्या वर्षी हा धुळ्याला आला. सोबत त्याच गावचा, त्याच वर्गातला झुलाल. एक गॅरेजात चिकटला, दुसरा क्लीनर म्हणून ट्रकवर चढला. पुढं चुडामणनं स्वतःची टपरी टाकली, पांझरेपलीकडं देवपुरात दोन खोल्या बांधल्या, सुगंधाबाईशी संसार केला, लेकीचं लग्न लावून दिलं. झुलालनं गावातलं घर सोडलं नाही, पण वर्षातले दहा महिने तो रस्त्यावरच. केळी घेऊन चोपड्याहून निघायचं, सेंधव्याचा घाट चढायचा, इंदूर, तिथून पुढं दिल्ली. चाळीस वर्षांत एकदाही त्याच्या हातून माणूस सोडा, बकरीसुद्धा मेली नाही. मालक कुठलाही असो, झुलालची गाडी वायरिंगला यायची ती चुडामणकडेच. दोघं भेटले की आधी भांडण. चुडामण म्हणायचा, तू गाडी बैलासारखी हाकतोस. झुलाल म्हणायचा, तुझ्या तोंडाला तरी कुणी अर्थिंग द्या. मग दोघं चहा प्यायचे.

भूपेंद्रशेठ हा झुलालचा शेवटचा मालक. तीन गाड्या होत्या, चौथी त्यानं जुनी घेतली आणि नवा रंग देऊन नवरीसारखी सजवली. मीटरं सगळी मेलेली. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरलेला, त्याच दिवशी पूजा करून गाडी चोपड्याला केळी भरायला जायची होती. चुडामणला बोलावणं गेलं ते आखाजीच्या सकाळी. खानदेशात आखाजी म्हणजे काय ते सांगायला नको. घरोघर लेकी आलेल्या, पुरणाचा घाट घातलेला, आणि हा बाबा केबिनमध्ये उताणा पडून वायरी ओढतोय. चिडलेलाच होता.

करंट घेतला, इंजिनाकडची वायर ओढली. आता अर्थिंग. खाली उतरला, पॉलिश पेपर काढला, चासीवर जागा बघितली, दोन हात मारले असतील नसतील, तोच भूपेंद्रशेठची आई वच्छलाबाई आरतीचं ताट घेऊन पुढ्यात उभी.

"ए भाऊ! काय करस? आज आखाजी शे. सणना दिन गाडीले ओरखाडा काढतस का कोठे? आत्तेच कुकू लायेल शे तिले!"

चासीला खरंच हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती. पूजा झालेल्या गाडीला त्या दिवशी हत्यार लावत नाहीत, हे चुडामणलाही ठाऊक होतं. त्याच्या आईनंही लावू दिलं नसतं. दुसऱ्या कुणी अडवलं असतं तर त्यानं तोंड सोडलं असतं, पण ऐंशीच्या घरातली बाई, हातात पेटलेलं निरांजन. त्यानं पॉलिश पेपर खिशात घातला. बॅटरीपर्यंत सरळ वायर ओढता आली असती, पण बॅटरीच्या पेटीवर नारळ आणि हार, समोर भटजी. मग त्यानं आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या तेच केलं. परत वर चढून डॅशबोर्डखालच्या पट्टीच्या रंगवलेल्या स्क्रूखाली वायर दाबली. काटे उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली उतरून त्यानं झुलालला बाजूला घेतलं. "झुलाल, अर्थिंग कच्चं शे. चार दिनमा ये, पक्कं करी देसू."

"येसू ना," झुलाल म्हणाला.

पण केळीचा माल उभा राहत नाही हो. पिकायला लागला की लागला. गाडी चोपड्याहून भरली की पळायची, रिकामी झाली की पुन्हा चोपड्यालाच. चार दिवसांचे पंधरा झाले. एक दिवस वाटेतूनच झुलालचा फोन आला.

"चुडामण, लाइट लावं का तुना पानीना काटा वर चढस रे. बंद करं का खाले येस."

चुडामणच्या समोर दुसरी गाडी उघडी पडलेली, हात ग्रीसनं भरलेले, फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. "ते अर्थिंग शे. लाइटना करंट तठे घुसस. लाइट लावावर काटा वर गया ते ध्यान नको देऊ. तू येशी तव्हय करी देसू."

एवढंच बोलला आणि फोन ठेवून कामाला लागला. पुढच्या महिन्यात झुलाल आला नाही आणि यानंही विचारलं नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर यानं स्वतः फोन करून बोलावलं असतं. झुलाल घरचा माणूस, घरच्या माणसाचं काम मागं पडतं.

ज्येष्ठातली गोष्ट. झुलाल चोपड्याहून भरून निघाला, शिरपूर मागं टाकलं, घाटाला लागेस्तोवर दिवस बुडायला आला. त्यानं लाइट लावली. काटा वर चढला. रोजच चढायचा. त्यानं ध्यान दिलं नाही, कारण ध्यान देऊ नको म्हणून सांगणारा काही ऐरागैरा नव्हता. त्या दिवशी मात्र पाण्याचा पाइप खरंच फुटला होता. काटा पहिल्यांदाच खरं बोलत होता. चढाला इंजिन कण्हायला लागलं तेव्हा झुलालच्या कानाला शंका आली, त्यानं गाडी कडेला घेतली, पण तोवर इंजिन जाम होऊन बसलं होतं. मागं गाडीभर केळी. दुसरी गाडी येऊन माल हलवेपर्यंत अर्धा माल काळा पडला.

तिसऱ्या दिवशी ट्रक ओढून धुळ्याला आणला. भूपेंद्रशेठनं गॅरेजात इंजिन उघडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. झुलाल तिथंच उभा, गळ्यात टॉवेल, दोन दिवसांची दाढी. तो सांगत होता, शेठ, लाइट लावली की काटा रोजच वर जायचा, म्हणून मी थांबलो नाही. कुणी सांगितलं म्हणून थांबला नाही, ते मात्र तो सांगत नव्हता. भूपेंद्रशेठनं चुडामणला बोलावून घेतलं.

चुडामण केबिनमध्ये चढला. एकटाच. वाकून पट्टीखाली टॉर्च मारली. स्क्रू ढिला, भोवती रंग जसाच्या तसा, वायर हातानं हलत होती. आणि बघा, चाळीस वर्षांची सवय काय करते. त्याच्या मनात काही येण्याआधी हात खिशात गेला, पॉलिश पेपर निघाला, रंग खरवडला, लोखंड पांढरं झालं, वायसर बसला, स्क्रू आवळला गेला. दोन मिनिटांचं काम. एखादी आई पोराचं नाक पुसते तसं, न बघता. हात थांबला तेव्हा त्याला कळलं की आपण काय केलं. झुलालच्या बाजूनं जगात एकच पुरावा होता, आणि तो यानं स्वतःच्या हातानं घासून टाकला होता.

"चुडामणभाऊ, लाइट लावून दाखवा," भूपेंद्रशेठ खालून ओरडला. तो पायरीवर चढून आत डोकावत होता, मागं गॅरेजातली पाच-सहा माणसं.

चुडामणनं चावी फिरवली, लाइट लावली. काटा जागचा हलला नाही.

"बंद करा. परत लावा."

काटा हलला नाही.

"तुम्ही फक्त एवढं सांगा," भूपेंद्रशेठ म्हणाला. "मीटर चांगलं आहे की नाही?"

काय सांगायचं आता! खरं बोलायला एवढीशी जागा होती, एका वाक्याची. शेठ, अर्थिंग कच्चं होतं, मी आत्ता पक्कं केलं. बस. पण खाली माणसं उभी होती, त्यात दोन वायरमन होते, ज्यांना यानं वर्षानुवर्षं गाढव म्हटलं होतं. ते वर बघत होते.  मग चुडामणनं ऐकलं की आपण म्हणतोय, "मीटर चांगलं आहे."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. आणि यासारखं खोटं तो जन्मात बोलला नव्हता.

झुलालनं त्याच्याकडं बघितलं.  टॉवेलनं तोंड पुसलं आणि टायरच्या ढिगावर जाऊन बसला. चुडामण खाली उतरला, कामाचं निमित्त सांगून आपल्या टपरीकडं निघून गेला.

त्यानंतरचे दिवस त्याचे कसे गेले ते सुगंधाबाईला विचारा. भाकरी मोडायचा आणि तशीच ठेवायचा. टपरीवर शिव्या बंद. गिऱ्हाइकांना वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालं. रोज सकाळी ठरवायचा, आज जाऊन सांगतो. रोज दुपारी म्हणायचा, उद्या. झुलालला कामावरून काढल्याचं त्याला कळलं. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपात ते फिरलं होतं: मीटर लालमध्ये असताना गाडी हाकली, इंजिन खाल्लं, वर बहाणा सांगतो. छप्पन्न वर्षांच्या ड्रायव्हरला अशा नावानिशी कोण गाडी देणार? चालवणं हेच त्याला येत होतं. तेच गेलं.

शेवटी आठव्या दिवशी त्यानं सुगंधाबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला तिचा.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "जिथं बोलायचं तिथं बोलला नाहीत, आणि इथं माझ्यापुढं रडता?"

नवव्या दिवशी तो भूपेंद्रशेठच्या घरी गेला. धुतलेला सदरा घालून गेला, लग्नाला जावं तसा. बसला आणि एका दमात सगळं ओकला. अर्थिंग कच्चं होतं. मीच कच्चं ठेवलं. झुलालचा फोन आला तेव्हा मीच म्हणालो, ध्यान देऊ नको. त्या दिवशी केबिनमध्ये चढलो आणि स्क्रू मीच खरवडला, म्हणून काटा हलला नाही. झुलालची काही चूक नाही. त्याला परत घ्या.

भूपेंद्रशेठ ऐकत राहिला. मग त्यानं चुडामणच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाऊ, मित्रासाठी माणूस एवढं करतो हे आज पाहिलं."

"मित्रासाठी नाही! खरं सांगतोय मी!"

"तुमचं काम मी पंधरा वर्षं बघतोय. तुम्ही रंगावर अर्थिंग देणार? तुम्ही? दुसऱ्यांनी दिलं तर तुम्ही त्यांच्या सात पिढ्या काढता." शेठ हसला. चेष्टेनं नाही, मायेनं हसला, ते जास्त वाईट. "आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ना, दोनदा लाइट लावली तुम्ही."

"फोन बघा," चुडामणनं मोबाइल पुढं केला. "त्या दिवशी त्याचा फोन आला होता. हा बघा."

"तुमचे फोन रोजच असतात की एकमेकांना."

"बरं, मग आईंना विचारा. आखाजीच्या दिवशी त्यांनीच मला खरवडू दिलं नाही."

वच्छलाबाई आतल्या दारात येऊन उभी होती, सगळं ऐकत होती. तिचं तोंड बारीक झालं. आपल्या एका शब्दानं घरची गाडी बसली, केळी नासली, हे त्या वयात कोणती बाई पदरात घेईल? "मी?" ती म्हणाली. "मी काय बोलनी भाऊ? मी ते ओवाळीसन घरमा निघी गयी व्हती. मनावर नका लोटू." आणि आत निघून गेली.

"बसा, चहा घ्या," भूपेंद्रशेठ म्हणाला. "नवा ड्रायव्हर ठेवलाय मी, आता काढता येत नाही. झुलालचं मलाही वाईट वाटतं. पण वय झालं हो, ध्यान राहत नाही माणसाचं."

"निदान ग्रुपवर टाका, चूक माझी होती म्हणून."

"चुडामण वायरमनचं काम कच्चं, असं टाकू? लोक मला वेड्यात काढतील."

चुडामणनं चहा घेतला नाही. उठला, चप्पल घातली, आणि फाटकाशी उभा राहून मोठ्यानं एक शिवी दिली. त्या वेळी पहिल्यांदाच ती त्यानं स्वतःला दिली होती. शेजारच्या ओट्यावरच्या बायका हसल्या.

पुढं जे झालं त्याला काय म्हणावं ते मला कळत नाही. त्याचं नाव वाढलं. रस्त्यावर किस्सा झाला: चुडामणभाऊचं मीटर खोटं बोलत नाही, त्या मीटरनं ड्रायव्हरचा बहाणा पकडला. नाशिककडच्या गाड्या येऊन उभ्या राहायला लागल्या. ड्रायव्हर उतरून म्हणायचे, "भाऊ, तुमच्याच हातचं पाहिजे." हा खेकसायचा, "अरे बाबांनो, ते माझ्याच हातचं कच्चं होतं! झुलालची चूक नव्हती!" ते एकमेकांकडं बघून डोळे मिचकावायचे. मैत्री असावी तर अशी, म्हणायचे. जेवढा तो ओरडायचा तेवढी झुलालची चूक पक्की व्हायची. महिनाभर ओरडला. मग दमला.

पाऊस लागून पेरण्या उरकल्यावर, एका सोमवारी, टपरी बंद ठेवून त्यानं अमळनेरची एसटी धरली. तिथून रिक्षानं गावात. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होता आणि विसरत होता.

झुलाल घरीच होता. नुकताच कुणाच्या तरी शेतातून कोळपणी करून आला होता. पाय चिखलानं माखलेले, गुडघ्याला फडकं बांधलेलं. चाळीस वर्षं क्लच दाबून झिजलेले गुडघे, त्यांना काळ्या रानातलं चालणं कुठलं झेपायला? ओट्यावर बसला होता. चुडामणला बघून हलला नाही. "बठ," एवढंच म्हणाला.

त्याची बायको भिकुबाई पाणी घेऊन बाहेर आली. चुडामण दिसताच तिचा चेहरा फुलला.

"बरं व्हयनं भाऊ तुम्हीन वनात. आते तुम्हीनच समजाडा यास्ले. महिनाभर व्हयना, घरमा बोलतस नही. पहिला दिन वनात तव्हय मले सांगेत, मनी चूक नही, काटा खोटा व्हता. मी म्हनं, चुडामणभाऊना हातना काटा खोटा कसा व्हई? भाऊस्नी सोता चढीसन तपासं. लाज नही वाटत का दुसरावर लोटतस? खरं ना भाऊ? मी गलत बोलनी का?"

चुडामणनं हातातलं पाणी न पिता खाली ठेवलं. त्यानं झुलालकडं बघितलं. झुलाल अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत होता.

"वहिनी," चुडामण म्हणाला, आणि मग त्यानं सगळं सांगितलं. आखाजी, कुंकू, रंगावरचा स्क्रू, खांद्यावरचा फोन, पॉलिश पेपर. काही लपवलं नाही. सांगताना तो तिच्याकडं बघू शकला नाही, म्हणून जमिनीकडं बघून सांगत राहिला.

 भिकुबाई चुडामणकडं पाठ करून नवऱ्याकडं वळली.

"तुम्हीन मले सांगं व्हतं," ती म्हणाली. "पहिलाच दिन सांगं व्हतं. मी मानं नही." पदर तोंडाशी नेऊन ती खाली बसली आणि रडायला लागली. महिनाभर ताटात भाकरीबरोबर जे वाढलं होतं, ते सगळं तिला आठवत असणार.

"झुलाल, चल मनासंगे," चुडामण म्हणाला. "दोन्ही जाऊ. प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याकडे जाऊ. मी पाय धरसू त्यास्ना."

"कोन मानी?"

"मानतीन! दोन्ही संगे गऊत ते मानतीन."

"आते नही मानाव," झुलाल म्हणाला. त्याचा आवाज वर गेला नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तव्हय मानता. त्या दिन तू निघी गया ना, मंग शेठनी मले सांगं. झुलाल, म्हने, दोन दिन थांबस. नवा ड्रायव्हर ठेवत नही. चुडामणभाऊ जर ईसन म्हनना का मीटर खोटं व्हतं, ते तू मना गाडीवर. त्यानं ऐकाले मी तयार शे."

चुडामणला ते माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

"दोन दिन मी गॅरेजमाच बठेल व्हतू," झुलाल म्हणाला. "त्या टायरवर. तुनी टपरी तठून दिसस. तू काम करत व्हता."

"मंग मले हाक काबर नही मारी? एक हाक मारतास ते..."

"काय म्हनू? खरं बोल म्हनीसन तुना हात जोडू? तुले माहीत व्हतं ना समदं." झुलालनं गुडघ्याचं फडकं आवळलं. "मले वाटनं, तू येशी. तिसरा दिन सकाये नवा ड्रायव्हर वना, तोपावत वाटत व्हतं."

भिकुबाईचं रडणं आता आवाजी झालं होतं. शेजारणी डोकावायला लागल्या. चुडामणनं दोन्ही हात जोडले आणि ते तसेच कपाळाला लावून बसून राहिला. 

झुलाल उठला. गुडघा धरून उठला. ओट्याच्या पायरीशी थांबून बायकोकडं हात करत म्हणाला, "चुडामण, तुनावर राग नही मना. पन आते येत नको जाऊ. तू वना का हाई असंच मनाकडे दखीसन रडी, आनि मले ते दखाई नही."

दुपारच्या पाळीचं कोळपं बाकी होतं. तो शेताकडं निघून गेला, मागं वळून न बघता. चुडामण रिक्षा न करता अमळनेरपर्यंत पायी आला. धुळ्याची गाडी लागलेली होती. त्यात तो बसला.

टपरी अजून आहे, गाड्याही येतात. त्या गावाला मात्र चुडामण पुन्हा गेला नाही. झुलालनं सांगितलेलं त्यानं ऐकलं.